शूटिंगची जागा दाखवा, पण शूटिंगची म्हणूनच

वाई पडद्यावर क्वचितच वाई असते. ‘गंगाजल’मध्ये (२००३) ती बिहारमधले तेजपूर झाली, ‘दबंग’मध्ये (२०१०) उत्तर प्रदेशातले लालगंज झाली, आणि ‘स्वदेस’ने (२००४) मेणवलीचा घाट चरणपूर नावाच्या उत्तरेतल्या खेड्याला देऊन टाकला. त्यात वाईकरांचे काही बिघडले नाही. सिनेमातले तेजपूर खरे मानून कोणी घाटावर हात जोडायला येत नाही. ऐतिहासिक मालिकेत मात्र जागा काळाचे सोंग घेते. चौकात भालदार ललकारी देतो, ओसरीवर मसलत बसते, आणि रोज रात्री अर्धा तास असे वर्ष-दोन वर्षे पाहिले की तो चौक प्रेक्षकाच्या मनात पक्का बसतो. मग तो कुटुंबाला घेऊन गाडी करून येतो आणि विचारतो, “महाराज इथेच बसायचे ना?”

चित्रीकरणाच्या जागा दाखवणाऱ्या सहली सातारा जिल्ह्यात असाव्यात की नाही, हा वाद या एका प्रश्नाच्या उत्तरावर सोडवायला हवा. आमचे मत, सहली जरूर असाव्यात. पण सोबतच्या वाटाड्याने त्या प्रश्नाला “नाही, इथे मालिकेतले महाराज बसले होते” असे उत्तर दिले पाहिजे, आणि पुढची दहा मिनिटे ते सोंग कसे उभे केले हे दाखवले पाहिजे. असे झाले तर ही सहल नेहमीच्या ‘ऐतिहासिक दर्शना’पेक्षा जास्त इतिहास शिकवेल. नाही झाले, तर ती बंद असलेली बरी.

सहलींना विरोध करणारे म्हणतात, मालिकांमुळे इतिहास बिघडतो आणि सहलींमुळे ते बिघडणे दगडावर कोरले जाईल. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसऱ्यावर मात्र शंका आहे, कारण मालिका नसतानाही आपण हे काम उत्तम करत आलो आहोत. साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर घ्या. अष्टकोनी, वरून शिवलिंगाच्या आकाराची, पोटात छोटा महाल असलेली ही विहीर शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाई भोसले यांनी बांधवली. तिचे साल कित्येक फलकांवर, चित्रफितींत आणि वाटाड्यांच्या तोंडी ‘इ. स. १६४१ ते १६४६’ असे असते. ते शके आहेत. शके १६४१ म्हणजे इ. स. १७१९ आणि शके १६४६ म्हणजे १७२४. त्यात ७८ मिळवायचे राहून गेले की विहीर शहाजीराजांच्या काळात जाते, शिवाजी महाराज ११ वर्षांचे असताना शाहूंच्या घरातली बाई विहीर बांधू लागते, आणि कोणाला काही खटकत नाही. शाहू साताऱ्यात गादीवर आले १७०८ मध्ये. ही चूक कुठल्या वाहिनीने केलेली नाही. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, तिसऱ्याने सांगितले. तेव्हा इतिहासाच्या शुद्धतेसाठी मालिकेच्या सहली नकोत, असे म्हणण्याआधी आजच्या ‘शुद्ध’ सहलीत काय सांगितले जाते ते एकदा ऐकावे.

शिवाय सहली सुरू आहेतच. गाडीचा चालक, शेतघर भाड्याने देणारा, घाटावरचा चहावाला, सगळे जागा दाखवतात. अमक्या मालिकेतला दरवाजा, तमक्या नायिकेची खिडकी. त्याला परवाना नाही, दर नाही, मर्यादा नाही. प्रश्न उरतो तो ही गोष्ट नीट चालवण्याचा.

आता चित्रीकरणाच्या जागेवर शिकवण्यासारखे काय असते ते पाहू.

ऐतिहासिक मालिकेचा बराचसा भाग वाड्यात होतच नाही. दरबार, शयनगृह, मुदपाकखाना यांचे सेट गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा कर्जतसारख्या ठिकाणी उभारतात. कारण साधे आहे. खऱ्या वाड्याचा चौक बहुधा तीस-चाळीस फुटांच्या आत असतो, ओसरीची खोली आठ-दहा फूट, वर तुळयांचे ठेंगणे माळवद. कॅमेरा, त्याचा रूळ, दिवे, ध्वनीचा बूम आणि वीसेक माणसे यात मावत नाहीत. सेटला छप्पर नसते आणि चौथी भिंत नसते, म्हणून दिवे वरून टांगता येतात आणि कॅमेरा मागे नेता येतो. खरा वाडा लागतो तो दिंडीदरवाजा, नदीचा घाट, दगडी पायऱ्या, घोड्यावरून येणे-जाणे एवढ्यासाठी. म्हणजे पडद्यावर सरदार मेणवलीसारख्या दरवाजातून आत शिरतो आणि पुढच्या क्षणी गोरेगावच्या चौकात पाय ठेवतो. हे जागेवर उभे राहून सांगितले की दहा वर्षांच्या मुलालाही एका झटक्यात कळते की पाहिलेली गोष्ट आणि झालेली गोष्ट यांमध्ये संकलकाची कात्री असते.

दुसरी गोष्ट, वाड्यांचे वय. वाई परिसरातले उभे असलेले बहुतेक वाडे आणि देवळे अठराव्या शतकातली, म्हणजे पेशवाईतली आहेत. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. मेणवली गाव नाना फडणवीसांकडे १७६८ मध्ये आले, वाडा आणि घाट त्यानंतरचे. तिथले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि त्यांवरच्या महिरपी ही पेशवाईतली ऐट. अशा खांबाला टेकून शिवकालातले पात्र संवाद म्हणत असेल तर खांब त्या पात्राहून शंभर वर्षांनी लहान आहे. झाडांचेही तेच. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. सतराव्या शतकातल्या लढाईमागे तो लालभडक फुललेला दिसला की समजावे, कलादिग्दर्शकाला करवत चालवायची परवानगी मिळाली नाही. रानात माजलेली घाणेरी आणि गिरिपुष्पही असेच उपरे. डोंगरांकडे कॅमेरा वळवला तर चाळकेवाडीच्या बाजूला पवनचक्क्या, अजिंक्यताऱ्यावर प्रक्षेपणाचे मनोरे. म्हणून तर मालिकांत सह्याद्रीचे विस्तीर्ण दृश्य फारसे दिसत नाही. चौकट आवळलेली असते, किंवा मागे हिरवा पडदा लावून डोंगर नंतर चिकटवलेला असतो. प्रेक्षकांच्या हातात मोबाइल असतोच. वाटाड्याने त्यांना कॅमेऱ्याच्या मूळ जागी उभे करावे, तीच चौकट धरायला सांगावे, आणि मग मोबाइल हळूहळू डावीकडे फिरवायला लावावा. विजेचा खांब, प्लास्टिकची पिंपे, दुचाकी एकेक करून आत येतात. पुरावा कसा तपासावा, चौकटीबाहेर काय ठेवले आहे असे का विचारावे, हे वर्गात तासभर सांगूनही जे साधत नाही ते इथे साधते.

आणि सोंग उतरवल्यावर उरणारी जागा बिनमोलाची असते, असेही नाही. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे. कृष्णेचा पूर आला की पाणी त्या धारेवर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे, अशी योजना. मेणवलीच्या घाटावर मेणेश्वराजवळ टांगलेली घंटा वसईच्या मोहिमेतून (१७३९) आलेली, पोर्तुगीज चर्चमधली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नदीकाठच्या महादेवाशेजारी मेरीची घंटा दोन-अडीचशे वर्षे लटकते आहे. कुठल्या पटकथाकाराने असे लिहिले असते तर निर्मात्याने ‘प्रेक्षकांना पटणार नाही’ म्हणून कापले असते.

मालिकेच्या नादाने जागेचे काय होऊ शकते हे स्कॉटलंडने पाहिले आहे. ‘आउटलँडर’ ही ऐतिहासिक मालिका २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी डून किल्ला एका काल्पनिक किल्ल्याचे नाव घेऊन उभा राहिला, फॉकलंड हे गाव १९४० च्या दशकातले इन्व्हरनेस झाले, आणि तिथल्या पर्यटन संस्थेने चित्रीकरणस्थळांचे नकाशेच काढले. डूनला ते मानवले, कारण तिथे तिकीट आहे, रखवाली आहे, वाट आखलेली आहे. कलोडनच्या माळावर मात्र अडचण झाली. १७४६ ची लढाई तिथे खरोखर झाली आणि मेलेले तिथेच पुरले आहेत. मालिकेचा नायक फ्रेझर कुळातला. प्रेक्षक फ्रेझर कुळाच्या दगडापाशी काल्पनिक नायकासाठी फुले ठेवू लागले, भोवतीचे गवत तुडवून चिखल झाला, शेवटी दोरी बांधावी लागली. गंमत अशी की तो दगडसुद्धा १८८१ चा, लढाईनंतर १३५ वर्षांनी बसवलेला. चित्रीकरणाची जागा आणि घटनेची जागा एकाच तिकिटात बसवली की असा घोटाळा होतो.

म्हणून इथल्या सहलींसाठी पहिला नियम असा हवा: प्रत्यक्ष घटनास्थळे या सहलीत नकोत. प्रतापगड नको. १० नोव्हेंबर १६५९ ची घटना जिथे घडली तिथे ‘मालिकेतला भेटीचा प्रसंग कुठे घेतला’ हे सांगत फिरणे बरे नव्हे. गडाची सहल वेगळी असावी आणि तिथे मालिकेचे नाव काढू नये. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यांत प्रतापगड आहे, त्यामुळे तिथली वर्दळ तशीही वाढणार आहे. तिच्यात मालिकेची भर घालायची गरज नाही.

दुसरा नियम सहल निघण्याच्या बराच आधी, चित्रीकरणाच्या करारात लिहायचा आहे. संरक्षित स्मारकात चित्रीकरण करायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. खासगी वाड्यात मालकाचा होकार पुरतो, आणि तो होकार पुष्कळदा चहाच्या कपावर होतो. ठरते फक्त रोजचे भाडे. मग होते असे. भिंत ‘जुनी’ दिसावी म्हणून चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक पेंटचा हात मारतात. चुना श्वास घेतो, प्लास्टिक पेंट घेऊ देत नाही. पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडू शकत नाही, लोणा फुटतो आणि एक-दोन पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा रंगासकट सुटतो. मग मालक तिथे सिमेंट भरतो आणि ओल शेजारच्या भिंतीत सरकते. मशालींची काजळी माळवदाच्या लाकडात बसते. पडदे टांगायला महिरपीत खिळे ठोकतात, जिथे क्लॅम्प आणि वाळूची पोती लावून काम भागले असते. आणि सगळ्यात घातक म्हणजे मागे ठेवलेली वस्तू. फायबरचे तुळशीवृंदावन, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा गणेशपट्टी-दगड, खोटा शिलालेख. ‘राहू द्या, छान दिसतंय’ म्हणून मालक ठेवून घेतो. दहा पावसाळे झाले की त्यावर शेवाळ येते आणि वाटाड्या त्याला पेशवेकालीन म्हणू लागतो. तो खोटे बोलत नसतो, त्याला तसेच सांगितलेले असते.

यावर उपाय म्हणजे नोंदवही. वाड्यात एक आणि ग्रामपंचायतीत तिची प्रत. प्रत्येक चित्रीकरणाची तारीख, कामाचे नाव, कोणता भाग वापरला, तो कशाचे सोंग म्हणून वापरला, काय लावले, काय रंगवले, काय काढले, काय राहिले. चित्रीकरणाआधी आणि नंतर एकाच कोनातून काढलेली छायाचित्रे, प्रत्येक भिंतीची किमान दोन. अनामत रक्कम या छायाचित्रांची जुळणी झाल्यावरच परत. रंग लावायचाच तर चुन्याचा, आणि खिळा एकही नाही, हे करारात शब्दांत. एका चित्रीकरणाला दोन पाने लागतील. हीच वही पुढे सहलीचा कणा होते. वाटाड्याला पाठांतर लागत नाही, वही उघडून छायाचित्र दाखवायचे: ही भिंत अशी होती, तिला असे सजवले, आज ती अशी आहे. वही नसलेल्या वास्तूला सहलीत घेऊ नये.

तिसरा मुद्दा गर्दीचा. पन्नास जणांची बस एकदम वाड्यात सोडणे हे सरळ अपघाताला आमंत्रण. कारण सगळे पन्नास जण पडद्यावर पाहिलेल्या त्याच एका खिडकीशी जातात. साठ किलोची पंधरा माणसे एका खिडकीपाशी उभी राहिली की नऊशे किलो भार एकाच तुळईच्या मध्यावर येतो. सागवान टिकते, पण खुंट्या आणि सांधे दोनशे वर्षांचे असतात. भित्तिचित्रांचे नुकसान वेगळ्याच प्रकारे होते. सेल्फीसाठी माणूस मागे सरकतो आणि पाठीवरची पिशवी भिंतीला घासते. त्यामुळे झीज खांद्याच्या उंचीवर आडव्या पट्ट्यासारखी दिसते. म्हणून एका वाटाड्यामागे पंधरा जण, माडीवर एका वेळी आठ, पिशव्या दिंडीदरवाजापाशी ठेवायच्या, चित्राच्या भिंतीपासून तीन फुटांवर दोरी. दिवसाला चार तुकड्या पुरे. मेणवली सकाळी आठला घ्यावी. तेव्हा घाटावर ऊन तिरपे असते, गर्दी नसते. मग तीन किलोमीटरवर वाई, आणि उन्हे चढल्यावर लिंबची विहीर, कारण तिच्या पोटात गारवा असतो. धोम धरण मेणवलीच्या वर आहे. पाणी सोडण्याच्या दिवसांत घाटाच्या खालच्या पायऱ्या बंद ठेवाव्यात, आणि पावसाळ्यात घाट वरूनच दाखवावा. दगडावरच्या ओल्या शेवाळापुढे चांगल्या बुटांचेही काही चालत नाही.

मर्यादा घातली तर लोक चिडतील, धंदा बुडेल, अशी ओरड होईल. साताऱ्याला हे उत्तर बाहेरून आणायला नको. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि शुल्क ही पद्धत वन खाते आणि आसपासच्या गावांच्या समितीने रुळवली. तिथेही गर्दी आणि गाड्यांच्या रांगा यांवरून कुरकुर असते. पण गावांतल्या लोकांना काम मिळाले आणि फुले तुडवणारी मोकाट गर्दी बरीच आवरली. वाड्यांना तेच सूत्र लहान मापाने लावायचे आहे.

पैशाचा हिशेब उघड असावा. समजा माणशी तिकीट ४०० रुपये ठेवले. १२० वाटाड्याला, १२० वास्तूच्या दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात, ६० ग्रामपंचायतीला स्वच्छतागृह, वाहनतळ आणि कचऱ्यासाठी, १०० सहल चालवणाऱ्याला. दिवसाला साठ जणांची जागा असून निम्मीच भरली आणि हंगाम १५० दिवसांचा धरला, तरी दुरुस्तीच्या खात्यात वर्षाला ५ लाख ४० हजार जमतात. वाडा नवा होणार नाही एवढ्यात. पण दर वर्षी कौले शाकारणे, एका चौकाचा गिलावा चुन्यात करणे आणि वाळवीचा बंदोबस्त एवढे होईल. आजच्या बिनपरवाना दर्शनातून या खात्यात काय जमते हे सांगायला नको. वास्तूचा वाटा मालकाच्या खिशात थेट जाऊ नये, हे मालकांना आवडणार नाही, तरी यावर अडून राहावे. त्यांना चित्रीकरणाचे भाडे मिळतच असते.

वाटाड्यांचे शिक्षण हा भाग सगळ्यात सोपा आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. ज्या वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे तिथून निघालेल्या सहलीत शक आणि सन यांची गल्लत व्हावी, ही मोठी मौज आहे. स्थानिक पदवीधर मुलांना आठ दिवस पुरतात: दोन दिवस वास्तूचे भाग आणि बांधणी, दोन दिवस कालगणना आणि कागद, एक दिवस चित्रीकरणाची पद्धत, बाकी जागेवर सराव. प्रत्येक थांब्यावर तीन वाक्ये ठरलेली हवीत. ही जागा काय आहे, पडद्यावर ती काय झाली होती, आणि त्यासाठी तिच्यात काय बदलले. पुढे वाटाड्याने आपल्या परीने रंगवावे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. लोक भक्तिभावाने येतात. “इथे काही घडले नाही” असे ऐकल्यावर दुखावतील, प्रसंगी भांडतील. सांगण्याची रीत सांभाळावी लागेल हे कबूल. पण खरे सांगितल्याने ओढ कमी होते हे खरे नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट असताना ती ग्रँट डफला मिळाली, असा मजकूर त्यांच्या पेटीवर आहे. महाराजांनी वापरली ती हीच, हे पडताळता आलेले नाही, असे त्या लंडनच्या संग्रहालयानेच म्हटले आहे. ते वर्तमानपत्रांत छापून आले, त्यावर वाद झडले, आणि तरीही लोक ती पाहायला आले. सामान्य माणूस ‘बहुधा’ हा शब्द पचवू शकतो. तो त्याला कोणी देत नाही, एवढेच.

जाहिरातीबद्दल थोडक्यात: मालिकेचे चित्रीकरण इथे झाले हे सांगायला हरकत नाही, पण तिचे बोधचिन्ह, पोस्टर किंवा कलाकारांचे फोटो गाडीवर आणि पत्रकावर लावायचे तर वाहिनीची लेखी परवानगी घ्यावी. महाराजांच्या वेशातल्या नटाचा फोटो तिकिटावर तर नकोच. तेच तिकीट संध्याकाळी रस्त्यावर पडलेले असते.

मालिका संपते, हे मात्र सुरुवातीलाच गृहीत धरावे. शेवटचा भाग प्रसारित झाला की वर्षभरात खिडकीखालची गर्दी ओसरते आणि ज्यांनी तिच्या भरवशावर हॉटेल बांधले ते अडकतात. म्हणून परवाना एका मालिकेच्या नावाने देऊ नये, वास्तूच्या नावाने द्यावा, तीन वर्षांसाठी. नवी मालिका आली तर वहीत नवे पान आणि सहलीत नवा थांबा. जुनी विस्मरणात गेली तर तिचा थांबा काढायचा, तिकीट तेवढ्या प्रमाणात कमी करायचे, आणि दुरुस्तीच्या खात्यातले १२० रुपये आहेत तेवढेच ठेवायचे.